एक कर्ण, दोन नावं

१९४० साली रत्नागिरीला मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष होते ना. सी. फडके. पुढच्याच वर्षी सोलापूरला संमेलन भरलं. तिथे अध्यक्ष होते वि. स. खांडेकर. लागोपाठच्या दोन वर्षांचे हे दोन्ही अध्यक्ष कादंबरीकार, आणि दोघंही त्या काळात कोल्हापूरचे रहिवासी. एक म्हणत होते कला कलेसाठी, तर दुसरे म्हणत होते कला जीवनासाठी. या वादावर पुष्कळ बोललं गेलं आहे. आज आपण त्या वादाच्या मागच्या बाजूला जाऊ. ही माणसं कादंबरी लिहायची कधी, तिला नाव काय द्यायची आणि ती वाचकाच्या हातात कशी पोचायची, ते पाहू.

आधी लिहिण्याच्या वेळेचं बघू. कादंबरीला सर्वांत जास्त लागतो तो वेळ, आणि तो कुणी विकत घेऊन देत नाही. फडके राजाराम कॉलेजात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते. खांडेकर १९२० साली कोकणातल्या शिरोड्याला शिक्षक म्हणून गेले आणि अठरा वर्षं तिथल्या शाळेत शिकवत राहिले. 'उल्का' आणि 'दोन ध्रुव' या कादंबऱ्या त्याच शाळेच्या दिवसांतल्या. १९३८ साली ते कोल्हापूरला आले ते प्रामुख्यानं सिनेमासाठी. मास्टर विनायकांच्या 'छाया'ची कथा त्यांनी शिरोड्याला असतानाच लिहिली होती. पुढे 'ज्वाला', 'देवता', 'अमृत' आले. त्या काळचं कोल्हापूर म्हणजे स्टुडिओंचं गाव. कादंबरीकाराला उदरनिर्वाहासाठी लेखणीचंच, पण वेगळं काम देणारं.

पुढच्या पिढीतही फारसा फरक पडला नाही. आजऱ्याचे शिवाजी सावंत कोल्हापूरच्या राजाराम हायस्कूलमध्ये शिक्षक होते. 'मृत्युंजय' प्रसिद्ध झाली ती १९६७ साली. तेव्हा त्यांचं वय होतं अवघं सत्तावीस. रणजित देसाई चंदगड तालुक्यातल्या कोवाडचे. शहरापासून आणि प्रकाशकांपासून दूर, गावात राहून त्यांनी 'स्वामी' लिहिली, 'श्रीमान योगी' लिहिली. म्हणजे शाळा, कॉलेज, स्टुडिओ आणि गावचं घर अशा चार जागी बसून, बाकीचा दिवस सांभाळून, या मोठ्या कादंबऱ्या उभ्या राहिल्या आहेत.

आणि वेळ मिळाला म्हणून कादंबरी होतेच असंही नाही. १९४२ साली खांडेकरांची 'क्रौंचवध' आली. त्यानंतरची 'अश्रू' यायला अकरा-बारा वर्षं जावी लागली. त्याआधी वर्षाला एक, कधी दोन कादंबऱ्या देणारा हा लेखक. मधल्या काळात कथा, लघुनिबंध, रूपककथा चालू होत्या, पण कादंबरी नाही. वाचकांना वाटलं असेल, भाऊसाहेब संपले. मग १९५९ साली 'ययाति' आली, तेव्हा खांडेकर साठी ओलांडून गेले होते. १९६० चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला आणि १९७४ चं ज्ञानपीठही तिच्यामुळेच मराठीत पहिल्यांदा आलं. कादंबरीकाराच्या न लिहिण्याच्या वर्षांचा हिशेब घाईनं मांडू नये, तो यासाठी.

देसाईंच्या 'श्रीमान योगी'त लिहिण्याच्या आधीची मेहनत आपल्याला चक्क वाचायला मिळते. पुस्तकाच्या सुरुवातीला नांदेडच्या नरहर कुरुंदकरांनी देसाईंना लिहिलेलं दीर्घ पत्र प्रस्तावना म्हणून छापलं आहे. शिवाजी महाराजांकडे कसं पाहावं, कोणते प्रश्न विचारावेत, पुरावा कुठवर नेतो आणि कल्पनेनं कुठून पुढे जावं, याची ती चिकित्सा आहे. मित्राचं असं परखड पत्र वाचकांपुढे ठेवायला लेखकाकडे मोठं मन लागतं.

आता नावाकडे येऊ. जुन्या वाचनालयाची रीत आठवा. कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचं. अशा जुन्या ग्रंथालयांत पुस्तकं कपाटबंद असत. वाचक यादी चाळायचा, त्यातलं नाव चिठ्ठीवर लिहून द्यायचा आणि मग पुस्तक समोर यायचं. मुखपृष्ठ नाही, पाठीवरचा मजकूर नाही. यादीतली एक ओळ, तीच पुस्तकाची जाहिरात. म्हणून त्या काळच्या लेखकाला नाव जपून ठेवावं लागे.

फडक्यांची नावं पाहा: 'जादूगार', 'दौलत', 'अटकेपार', 'प्रवासी'. एकच शब्द, चटकन जिभेवर बसणारा. 'प्रतिभासाधन' लिहून कथा-कादंबरीचं तंत्र समजावून सांगणाऱ्या लेखकाला हे सहज जमणारंच. खांडेकरांची नावं ऐका: 'हिरवा चाफा', 'रिकामा देव्हारा', 'जळलेला मोहोर', 'पांढरे ढग'. इथे प्रत्येक नावात एक चित्र आहे आणि चित्राच्या आत एक हळहळ. ढग आहेत पण पांढरे, म्हणजे पाऊस न देणारे. देव्हारा आहे, पण त्यात देव नाही. कादंबरी उघडायच्या आधीच लेखक आपल्याशी बोलायला लागलेला असतो. ज्या पुस्तकानं त्यांना ज्ञानपीठ मिळवून दिलं, त्याचं नाव मात्र साधं, एका राजाचं.

देसाई आणि सावंत यांनी तिसरीच वाट धरली. ऐतिहासिक आणि पौराणिक पुरुषांवर लिहिताना त्यांनी माणसाचं नाव बाजूला ठेवलं आणि त्याला बिरुद दिलं. माधवराव पेशव्यांवरची 'स्वामी', शिवाजी महाराजांवरची 'श्रीमान योगी', संभाजी महाराजांवरची 'छावा', श्रीकृष्णावरची 'युगंधर'. एकातही नायकाचं नाव नाही. 'स्वामी' या एका शब्दात मला दोन नाती ऐकू येतात. राज्याचा धनी आणि रमाबाईंचा पती. १७७२ साली थेऊरला माधवराव गेले आणि रमाबाई सती गेल्या. ती दोन्ही नाती एका क्षणी संपली. कादंबरीचा सगळा जीव त्या दोन अक्षरांत आहे.

याचा सर्वांत सुंदर दाखला म्हणजे कर्ण. कोल्हापूर जिल्ह्यातल्या या दोन लेखकांनी सहा वर्षांच्या अंतरानं एकाच कर्णावर कादंबरी लिहिली. सावंतांनी तिला म्हटलं 'मृत्युंजय', म्हणजे मृत्यूला जिंकणारा. देसाईंनी १९७३ साली आपल्या कादंबरीला नाव दिलं 'राधेय', म्हणजे राधेचा मुलगा. पहिलं नाव कर्णाच्या मरणाकडून त्याच्याकडे पाहतं, दुसरं त्याला वाढवणाऱ्या आईकडून. 'मृत्युंजय' नऊ भागांची, जाडजूड. त्यात कर्णाबरोबर कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्णही स्वतःच्या तोंडानं बोलतात. 'राधेय' त्या मानानं आटोपशीर. सावंतांना कर्णाचा गौरव करायचा होता, देसाईंना त्याचं दुःख सांगायचं होतं, आणि दोन्ही नावं हे आधीच सांगून टाकतात. कौंतेय हे नाव मात्र दोघांनीही घेतलं नाही. ज्या आईनं त्याला पाण्यात सोडलं, तिचं नाव मुखपृष्ठावर लावायला दोघांपैकी कुणाचाच हात धजावला नसावा, असं मला वाटतं.

नाव कुणाच्या एकट्याच्या मालकीचं नसतं, हेही खरं. बीरेंद्रकुमार भट्टाचार्य यांच्या असमिया कादंबरीचं नावही 'मृत्युंजय'च, आणि तिला १९७९ चं ज्ञानपीठ मिळालं. तिथला मृत्युंजय महाभारतातला नाही, स्वातंत्र्यलढ्यातला आहे.

राहिला प्रश्न पुस्तक वाचकापर्यंत नेण्याचा. दिवाळी अंक होते, व्याख्यानं होती, सिनेमा होता. खांडेकरांच्या बाबतीत आणखी एक वाट होती, ती त्यांच्या प्रस्तावनांची. हे पुस्तक का लिहिलं, कसं सुचलं, हे ते वाचकाला समोर बसवून सांगावं तसं सांगत. भाषांतरांनी त्यांना महाराष्ट्राबाहेर नेलं. का. श्री. श्री. यांच्या भाषांतरांमुळे तमिळ घरांत खांडेकर त्यांच्यातलेच एक होऊन गेले. अखेरच्या काळात दृष्टी गेली, तेव्हा ते सांगत आणि दुसरं कुणी लिहून घेई. २ सप्टेंबर १९७६ ला ते गेले. त्यांचं 'एका पानाची कहाणी' हे आत्मकथन त्यांच्या पश्चात, १९८१ साली वाचकांच्या हाती पडलं.

नावाची ताकद किती, हे सावंतांच्या दुसऱ्या पुस्तकानं दाखवून दिलं. बखरींनी आणि जुन्या नाटकांनी संभाजी महाराजांना उच्छृंखल ठरवून टाकलं होतं. १९७९ साली 'छावा' आली. सिंहाचं पिल्लू, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. पण लोकांच्या मनातलं चित्र पालटायला त्या दोन अक्षरांनी फार मोठा हातभार लावला. २०२५ च्या फेब्रुवारीत या कादंबरीवरचा हिंदी चित्रपट आला तोही याच नावानं, आणि ज्यांनी पुस्तक पाहिलेलंही नाही अशा देशभरच्या मुलांच्या तोंडी हा मराठी शब्द बसला. सावंत तेव्हा नव्हते. ते २००२ सालीच गेले होते.

नावाची ही ताकद जपूनही वापरावी लागते. बिरुद दिलं की माणूस मोठा होतो, पण त्याच्याविषयी प्रश्न विचारणं अवघडही होतं. कुरुंदकरांचं ते पत्र 'श्रीमान योगी'च्या दाराशीच उभं आहे, हे म्हणूनच मला मोलाचं वाटतं. पुढच्या खेपेला वाचनालयात गेलात तर 'राधेय' आणि 'मृत्युंजय' शेजारी शेजारी ठेवून पाहा. आत शिरण्याआधी दोन्ही नावं एकदा मोठ्यानं म्हणा. एकाच माणसाकडे दोन वाटांनी जाता येतं, हे तिथेच उमगेल.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)