मुलांच्या रक्तांतील शिसें आणि कायदा

शिसें हा धातु मनुष्याच्या फार जुन्या परिचयाचा. दारें-खिडक्या रंगविण्याचा सफेता हा शिशाचाच क्षार आणि आपल्याकडील शेंदूर हेंही शिशाचेंच भस्म. अशा या घरगुती वस्तूंतून बालकांस विषबाधा होते, हें ऑस्ट्रेलियांतील ब्रिस्बेन शहरीं डॉक्टर लॉकहार्ट गिब्सन यांनीं १९०४ सालीं दाखवून दिलें. व्हरांड्याच्या कठड्यावरील रंगाची उन्हानें भुकटी होई. ती मुलांच्या हातांस लागे आणि हात तोंडांत जाई. क्वीन्सलंड राज्यानें मुलांचा हात पोंचेल अशा जागीं हा रंग लावण्यास बंदी केली ती मात्र १९२२ सालीं. तोंवर त्या कठड्यास धरून उभें राहणाऱ्या मुलाला मिसरूडही फुटलें असेल!

परंतु जुन्या भिंतींवर आधींच बसलेल्या रंगाचें काय? अमेरिकेंत बाल्टिमोर शहराच्या आरोग्यखात्यानें १९३५ पासून रक्तांतील शिशाची तपासणी मोफत करून देण्यास आरंभ केला. पुढें १९७१ सालीं मॅसॅच्युसेट्स राज्यानें याविषयीं स्वतंत्र कायदाच केला. आज तेथें नऊ ते बारा महिन्यांच्या दरम्यान आणि पुन्हा दुसऱ्या व तिसऱ्या वर्षीं मुलाचें रक्त तपासावें लागतें. बालवर्गांत प्रवेश घेतांना त्याचा दाखला मागतात. शिवाय जुन्या घरांत सहा वर्षांखालील मूल राहत असल्यास तेथील शिशाच्या रंगाचा धोका नाहींसा करणें हें घरमालकाचें कर्तव्य ठरविलें आहे. माझ्या मतें कायद्याचें खरें मर्म या दुसऱ्या कलमांत आहे. एरव्हीं नुसती तपासणी म्हणजे घरांतील विष मोजण्यासाठीं मुलाच्याच देहाचें माप करणें होय.

रक्तांत शिसें किती असल्यास काळजी करावी, हा आंकडाही स्थिर राहिला नाहीं. १९६० नंतरच्या दशकांत एका डेसिलिटर रक्तांत ६० मायक्रोग्रॅम ही मर्यादा धरीत. ती १९९१ सालीं १० वर, २०१२ सालीं ५ वर आणि २०२१ सालीं साडेतीनवर आली. मुलें तींच; शास्त्राची दृष्टि सूक्ष्म झाली. हर्बर्ट नीडलमन यांनीं बोस्टनजवळच्या दोन गांवांतील शाळकरी मुलांचे पडलेले दुधाचे दांत जमवून त्यांतील शिसें मोजलें आणि १९७९ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केला: वरकरणीं निरोगी मुलांतही शिसें अधिक, तर बुद्धिमापन कमी आणि चित्त अस्थिर. वर्गांतील वर्तनाचा अभिप्राय त्यांनीं शिक्षकांकडून घेतला होता, आणि कोणाच्या दांतांत किती शिसें आहे हें त्या शिक्षकांस ठाऊक नव्हतें. जन्मभर शिकविण्याचा व्यवसाय केल्यामुळें असेल, पण मला हा भाग फार मोलाचा वाटतो.

नोंदींचें महत्त्व मिशिगन राज्यांतील फ्लिंट शहरानें दाखविलें. तेथें २०१४ सालीं नळाचें पाणी नदीचें घेण्यांत आलें. नळ गंजूं नयेत म्हणून करावयाची प्रक्रिया झाली नाहीं आणि नळांतील शिसें पाण्यांत उतरलें. अधिकारी पाणी निर्धोक असल्याचें सांगत राहिले. २०१५ सालीं मोना हॅना-अतिशा या बालरोगतज्ज्ञ बाईंनीं पूर्वीच्या व नंतरच्या रक्ततपासण्यांचे आंकडे शेजारीं ठेवले. त्या तपासण्या नियमानें झालेल्या होत्या, म्हणूनच आंकडे हातीं होते. प्रथम त्यांनाच खोटें ठरविण्याचा प्रयत्न झाला. पुढें सरकारला तें मान्य करावें लागलें. याच मिशिगननें २०२३ सालीं कायदा करून एक व दोन वर्षें वयाच्या मुलांची तपासणी डॉक्टरांवर सोंपविली. आईबापांस हरकत घेण्याची मुभा मात्र ठेवली.