ब्राउझरची निवड आणि मराठी अक्षर

संगणकावर मराठी वाचायचे तर कोणता ब्राउझर घ्यावा, हा प्रश्न आज कोणी विचारत नाही. पंचवीस वर्षांपूर्वी तो विचारावाच लागे. उत्तर चुकले तर मराठी पानावर मराठी दिसतच नसे. ग्वाल्हेर, वडोदरा, हैदराबाद येथे मुंबई-पुण्याची वृत्तपत्रे शिळी होऊन पोहोचत. त्याच दिवशीचा अंक दाखवू शकणारे साधन महाराष्ट्राबाहेरच्या वाचकाला प्रथमच मिळाले होते. म्हणूनच या निवडींचा इतिहास आपल्याला जवळचा आहे.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. सेवापुरवठादार एकच असल्याने त्याच्या निवडीचा प्रश्नच नव्हता. निवड होती ती खात्याची. चित्रांसह पान दाखवणारे खाते महाग होते. स्वस्त खात्यावर केवळ रोमन मजकूर उमटे. ज्याला कमी खर्च परवडे, त्याच्या वाट्याला देवनागरी येतच नसे. नोव्हेंबर १९९८ मध्ये खासगी कंपन्यांना परवानगी मिळाली आणि वाचकाला पुरवठादार निवडता येऊ लागला.

ब्राउझरचा पेच याहून अवघड होता. मराठी फॉन्ट तेव्हा रोमन अक्षरांच्या संकेतांवर देवनागरी आकार बसवत आणि प्रत्येक फॉन्ट बनवणाऱ्याची मांडणी वेगळी असे. तो फॉन्ट संगणकावर नसेल तर बातमीऐवजी रोमन अक्षरांची व चिन्हांची निरर्थक गर्दी दिसे. यावर तोडगा म्हणून १९९७ मध्ये पानाबरोबरच फॉन्ट पाठवण्याची सोय झाली. परंतु नेटस्केपची पद्धत एक आणि इंटरनेट एक्सप्लोररची दुसरी. दोन कंपन्यांच्या स्पर्धेत एकाच मराठी पानासाठी दोन प्रकारचे फॉन्ट तयार ठेवावे लागत. पुढे २००० साली नेटस्केपने नव्या आवृत्तीतून आपली पद्धतच वगळली. तिच्यावर विसंबून तयार केलेली पाने त्या आवृत्तीत वाचता येईनाशी झाली.

सर्व्हर वाचकाला दिसत नाही, तरी त्याचाही यात वाटा होता. १९९५ मध्ये आलेला अपाची हा मुक्त सर्व्हर लवकरच जगात सर्वाधिक वापरला जाऊ लागला. तो विनामूल्य असल्याने लहान संस्थांनाही परवडे. मात्र पान कोणत्या संकेतप्रणालीत आहे हे सर्व्हर ब्राउझरला कळवतो, आणि पानातल्या सूचनेपेक्षा सर्व्हरचा शब्द वरचढ ठरतो. अपाचीच्या काही आवृत्त्यांच्या मूळ मांडणीत पश्चिम युरोपीय संकेतप्रणालीच लिहिलेली असे. व्यवस्थापकाने ती ओळ बदलली नाही तर शुद्ध देवनागरी पानाचाही विचका होई.

यातून सुटका कोणा एका कंपनीच्या विजयाने झाली नाही. ती सर्वांनी मानलेल्या प्रमाणाने झाली. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला स्वतःचे स्थान होते आणि त्या मांडणीला भारतीय ‘इस्की’ प्रमाणाचा आधार होता. विंडोज २००० मध्ये मराठीची सोय आली, २००४ मध्ये फायरफॉक्स आला आणि हळूहळू ब्राउझर कोणताही असो, अक्षर तेच दिसू लागले. नेटस्केप लयाला गेला, इंटरनेट एक्सप्लोररही २०२२ मध्ये निवृत्त झाला. युनिकोडमध्ये लिहिलेले मराठी मात्र टिकले.

जुन्या फॉन्टांत अडकलेले मराठी तितके सुदैवी नाही. आपल्या मंडळांच्या स्मरणिका, वाचनालयांच्या सूची, नियतकालिकांचे अंक आजही अशा धारिकांत पडून आहेत. त्या उघडल्या तरी वाचता येत नाहीत आणि शोध घेतला तरी सापडत नाहीत. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी समाजाचा लेखी वारसा मुळातच विखुरलेला आहे. ते फॉन्ट ओळखणारी माणसे अजून आपल्यात आहेत, तोवरच हा मजकूर युनिकोडमध्ये आणून ठेवला पाहिजे. ब्राउझर कोणता वापरावा हे ज्याने त्याने ठरवावे. लिपी मात्र कोणा एकाच्या ब्राउझरच्या स्वाधीन करू नये.