ओळी मोजायच्या, पण कशासाठी?

उत्तरपत्रिकेला जोडलेल्या पुरवण्या मोजून गुण दिले तर काय होईल, हे शिक्षकांना सांगायला नको. सॉफ्टवेअरच्या बाबतीत मात्र बरीच वर्षे काहीसे असेच चालले होते.

१९६८ च्या ऑक्टोबरमध्ये पश्चिम जर्मनीतील गार्मिश येथे ‘नाटो’च्या विज्ञान समितीने भरवलेल्या परिषदेत एक तक्रार उघडपणे मांडली गेली : मोठी सॉफ्टवेअर वेळेत पुरी होत नाहीत आणि खर्चाचे अंदाज कोलमडतात. अंदाज बांधायचा तर मोजमाप हवे. सर्वांत सोपे माप म्हणजे आज्ञावलीच्या ओळी.

पण हे माप फसवे आहे. समजा, असेंब्ली भाषेत एका कामाला ५०० ओळी आणि १० दिवस लागले. तेच काम फोर्ट्रानमध्ये १०० ओळींत, ५ दिवसांत झाले. पहिल्याचा वेग दिवसाला ५० ओळी, दुसऱ्याचा फक्त २०! निम्म्या वेळात काम उरकणारा कागदोपत्री आळशी ठरतो. १९७९ मध्ये आयबीएमच्या अ‍ॅलन आल्ब्रेक्ट यांनी म्हणून ओळी सोडून वापरणाऱ्याच्या बाजूने मोजायचे सुचवले : सॉफ्टवेअर किती प्रकारची माहिती घेते, किती प्रकारची देते, किती साठवते.

तरी ओळींचा मोह सुटला नाही. १९८२ मध्ये ‘अ‍ॅपल’मध्ये आठवड्याला किती ओळी लिहिल्या याचा तक्ता भरावा लागे. बिल अ‍ॅटकिन्सन यांनी त्या सुमारास चित्रे काढणाऱ्या आज्ञावलीचा एक भाग नव्याने लिहिला. तो सुमारे सहापट वेगवान झाला आणि २००० ओळी कमी झाल्या. त्यांनी तक्त्यात लिहिले, ‘उणे २०००’. काही आठवड्यांनी त्यांच्याकडे तक्ता मागणेच बंद झाले. (चौकशी करणाऱ्यांना ते उत्तर कोणत्या रकान्यात बसवावे हेच कळले नसावे!)

आमच्या मते खरी दिशा दाखवली ती मेरिलँड विद्यापीठाच्या व्हिक्टर बेसिली यांनी. ‘नासा’च्या गोडार्ड केंद्रात १९७६ मध्ये सुरू झालेल्या सॉफ्टवेअर प्रयोगशाळेत ते काम करत. बेसिली आणि डेव्हिड वाइस यांनी १९८४ मध्ये क्रमच उलटा केला. आधी हेतू ठरवा, उदाहरणार्थ चुका कमी करणे. मग प्रश्न विचारा : चुका कुठे शिरतात? गरज समजून घेताना, आराखडा करताना, की आज्ञा लिहिताना? त्याचे उत्तर देईल तेवढेच मोजा. म्हणून प्रत्येक दुरुस्तीबरोबर तिचे कारणही नोंदवले जाई, आणि ती नोंद खरी आहे ना, हे लिहिणाऱ्याशी बोलून पडताळले जाई.