तळ्याकाठची श्रीलंका

श्रीलंकेला जायचं असं आमच्या घरात ठरलं, तेव्हा मी रीतसर वही-पेन घेऊन बसलो. हातात दिवस होते आठ. पानाच्या मधोमध रेघ मारली. डावीकडे लिहिलं 'निसर्ग', उजवीकडे 'संस्कृती'. धाकट्या मुलीला रानातले हत्ती पाहायचे होते, पत्नीला चहाचे मळे. आईची इच्छा एकच, अनुराधपूरच्या बोधिवृक्षाचं दर्शन. माझं मन सिगिरियाच्या चित्रांत अडकलेलं. दोन्ही रकाने भरले आणि बेरीज केली तर चौदा दिवस झाले! म्हणजे कुणाची तरी इच्छा कापायला हवी होती. कुणाची कापावी, हे काही केल्या ठरेना. शेवटी वही मिटली आणि त्या देशाचा इतिहास वाचायला घेतला. चार-सहा दिवस वाचल्यावर लक्षात आलं, की चूक दिवसांच्या हिशोबात नव्हती. पानाच्या मधोमध मी मारलेली ती रेघच चुकीची होती.

श्रीलंकेत पाऊस दोन बाजूंनी येतो. मे ते सप्टेंबर नैऋत्येचा मोसमी पाऊस कोलंबोचा किनारा आणि डोंगराचा पश्चिम उतार भिजवतो. उत्तरेकडच्या आणि पूर्वेकडच्या सपाट मुलखाला मात्र तेव्हा थेंबाथेंबासाठी वाट पाहावी लागते. त्याचा मुख्य पाऊस पडतो ऑक्टोबर ते जानेवारी. आपल्याकडे महाबळेश्वरात धो धो कोसळतो आणि माण-खटावात ढग नुसतेच तरंगत जातात, तसाच काहीसा हा प्रकार. गंमत अशी, की या देशाची सगळ्यात मोठी प्राचीन राज्यं उभी राहिली ती या कोरड्या भागात. अनुराधपूर हजाराहून अधिक वर्षं राजधानी होतं, त्यानंतर पोलोन्नरुवा. जिथे वर्षातले कितीतरी महिने पाऊस नाही, तिथे भातावर जगणारी एवढी मोठी नगरं उभी राहिली कशी?

उत्तर आहे तळ्यांमध्ये. सिंहली भाषेत तळ्याला 'वेव' म्हणतात. चार महिन्यांचा पाऊस मातीच्या लांबच लांब बांधांनी अडवायचा आणि वर्षभर पुरवायचा, ही विद्या तिथल्या लोकांनी दोन हजार वर्षांपूर्वीच हस्तगत केली. बांध फुटू न देता खोल पाण्याचा जोर मोडून ते हवं तेवढंच बाहेर सोडायचं, यासाठी बांधात चौकोनी विहिरीसारखी रचना असे. तिला म्हणतात 'बिसोकोटुव'. पाचव्या शतकात धातुसेन राजाने काला वेव हा प्रचंड तलाव बांधला. त्याचं पाणी अनुराधपूरला नेणारा कालवा सुमारे 87 किलोमीटर लांबीचा आहे, आणि सुरुवातीच्या टप्प्यात त्याला मैलामागे फूटभरही उतार नाही! आजच्यासारखी उपकरणं हाताशी नसताना तो काढलेला आहे.

याच धातुसेनाची एक कथा 'चूळवंस' या बखरीत आहे. त्याचा मुलगा कश्यप याने बापाला कैद केलं आणि दडवलेला खजिना दाखव म्हणून दरडावलं. म्हातारा राजा त्यांना काला वेवच्या काठी घेऊन गेला, पाण्यात उतरला, ओंजळीत पाणी घेतलं आणि सांगितलं, की माझी सगळी संपत्ती ती हीच. मुलाने त्याला ठार मारवलं. पुढे भावाच्या भीतीने हा कश्यप ज्या कातळावर जाऊन राहिला, तो म्हणजे सिगिरिया. आज आपण तिथली अप्सरांची चित्रं पाहून हरखतो. पण त्या कातळाआधी त्या तळ्याच्या काठी उभं राहायला हवं, असं मला ही कथा वाचून वाटलं.

मग धाकटीच्या हत्तींचं काय? इथेच माझ्या वहीतली रेघ पुसली गेली. सिगिरियापासून तासाभराच्या आत मिन्नेरिया आहे. महासेन राजाने बांधलेला हा तलाव जवळजवळ सतराशे वर्षांचा. ऑगस्ट-सप्टेंबरात आसपासचे पाणवठे आटतात, मिन्नेरियाचंही पाणी मागे सरतं आणि उघड्या पडलेल्या गाळावर कोवळं गवत उगवतं. त्या गवतासाठी दूरदूरचे हत्ती, पिल्लांना घेऊन, शेकड्यांनी इथे जमतात. 1997 साली हा परिसर राष्ट्रीय उद्यान झाला. म्हणजे 'निसर्ग' म्हणून मी ज्याची नोंद केली होती, तो हत्तींचा मेळा भरतो एका राजाने शेतीसाठी बांधलेल्या तळ्यात.

भोवतीचं जंगलही तसंच. बाराव्या शतकात पोलोन्नरुवाच्या पराक्रमबाहूने तळी बांधण्याचा आणि दुरुस्तीचा सपाटा लावला. लोकांच्या उपयोगी पडल्याशिवाय पाणी समुद्राला मिळू द्यायचं नाही, हा त्याचा निश्चय. पण तेराव्या शतकात परचक्र आलं, राज्य मोडलं, बांधांची देखभाल करणारं कुणी उरलं नाही. बांध फुटले, माणसं नैऋत्येकडे सरकली आणि भातखाचरांवर रान माजलं. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांत तळी पुन्हा दुरुस्त झाली, शेतकरी पुन्हा वसवले गेले. तोवर हत्तीही तिथले रहिवासी झाले होते. पाणी एक आणि हक्कदार दोन. अलीकडच्या वर्षांत या झगड्यात दरवर्षी शेकडो हत्ती मरतात आणि शंभराहून अधिक माणसंही. त्यात मोरगहकंद हे नवं धरण 2018 मध्ये सुरू झाल्यापासून ऐन कोरड्या दिवसांत मिन्नेरियात पाणी येतं, गवत बुडतं आणि हत्तींची उपासमार होते, अशी चिंता अभ्यासक व्यक्त करतात. शेतकऱ्याला पाणी हवं, हत्तीला गाळ उघडा हवा. जीपमधून फोटो काढताना एवढं तरी आपल्याला ठाऊक असावं.

चहाच्या मळ्यांचीही तीच गत. ती हिरवाई मूळची नव्हे. इंग्रजांनी डोंगरावरचं जंगल तोडून आधी कॉफी लावली. 1869 पासून तांबेऱ्याने कॉफीचा फडशा पाडला, तेव्हा तिच्या जागी चहा आला. त्याची पहिली व्यापारी लागवड जेम्स टेलरने 1867 मध्ये केली होती. मळ्यांत राबायला तमिळ मुलखातून मजूर नेले. 1948 च्या कायद्याने त्यांच्यातल्या बहुसंख्यांना नागरिकत्व नाकारलं गेलं; उरल्यासुरल्यांचा प्रश्न सुटायला 2003 साल उजाडलं. तो मखमली डोंगर पाहताना पानं खुडणारे हात कुणाचे, हे विसरू नये.

आता सिगिरियाविषयी. तिथे गुळगुळीत गिलावा केलेली एक भिंत आहे. साधारण आठव्या ते दहाव्या शतकांत आलेल्या प्रवाशांनी तिच्यावर आपली नावं आणि अप्सरांना उद्देशून कविता कोरल्या. सेनरत परणवितान यांनी त्यांतल्या 685 वाचून 1956 मध्ये प्रसिद्ध केल्या. म्हणजे सहलीला जाण्याची हौस तिथे बाराशे वर्षं जुनी आहे. (आपण मात्र काही कोरायचं नाही!) आणि आपला धागाही तिथवर पोचतो. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात सिंहल राजपुत्राच्या लंकेतील आगमनाचं चित्र आहे. त्यात नावांमधून हत्ती उतरताना दिसतात. तेही पाचव्या शतकातलं, कश्यपाच्याच काळाच्या आसपासचं.

शेवटी सहल कशी आखली? घरचा सूर दिवाळीच्या सुटीचा होता. पण तेव्हा कोरड्या भागात पाऊस सुरू होतो, तळी भरू लागतात आणि हत्ती पांगतात. म्हणून ऑगस्ट धरला. पाचव्या शतकात फाहियान हा चिनी भिक्षू हिवाळ्याचा वारा धरूनच ताम्रलिप्तीहून चौदा दिवसांत सिंहलद्वीपाला पोचला होता; त्याच्यापुढे आमची रजा काय मोठी! दक्षिणेचे किनारे सोडून दिले. अनुराधपूर, काला वेव, सिगिरिया, मिन्नेरिया, पोलोन्नरुवा आणि मग कँडीमार्गे चहाचे डोंगर, असं पाण्याच्या मागोमाग जाणारं वर्तुळ तयार झालं. ते आठ दिवसांत बसलं आणि कुणाचीच इच्छा कापावी लागली नाही.

आईने बोधिवृक्षापुढे हात जोडले. सम्राट अशोकाच्या कन्येने, संघमित्रेने, त्याची फांदी भारतातून आणली अशी सिंहली परंपरा आहे. दर्शन घेऊन आम्ही जवळच्या तिस्स वेवच्या बांधावर जाऊन बसलो. एवढ्या मोठ्या नगरीचं पाणी ते हेच का, असं आईने विचारलं. पुढे पोलोन्नरुवापर्यंत प्रत्येक तळ्याशी गाडी थांबवायला तीच सांगत होती.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)