घारापुरी

घारापुरी : महाराष्ट्रातील प्रसिद्ध लेणी-स्थळ व मुंबई बंदरातील एक बेट. मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियापासून पूर्वेस सुमारे १० किमी.वर, शासकीयदृष्ट्या मात्र मुंबईत नसून रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यात. लोकसंख्या सुमारे १,२००. बेटावर दोन टेकड्या असून त्यांच्यामधून दक्षिणोत्तर अरुंद घळ गेली आहे. टेकड्यांची उंची १५० मी.च्या आसपास. क्षेत्रफळ भरतीच्या वेळी १० आणि ओहोटीला १६ चौ. किमी. असल्याचे बहुतेक ग्रंथांत आढळते. पण बेटाची लांबी तेच ग्रंथ सुमारे २.४ किमी. देतात, तेव्हा हे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. ओहोटीला भोवतालचा चिखलपट्टा व कांदळवन उघडे पडते, एवढे निश्चित.

बेटावर तीन वस्त्या आहेत : वायव्येस शेतबंदर, ईशान्येस मोराबंदर आणि दक्षिणेस राजबंदर. पर्यटकाचा फेरफटका बहुधा शेतबंदर ते पहिले लेणे व परत, एवढाच होतो. इतिहासाच्या दृष्टीने बेटाचा जुना भाग पूर्वेकडचा आहे.

इतिहास : लेण्यांचा काळ व कर्ता यांविषयी एकमत नाही. जुन्या अभ्यासकांपैकी काहींनी ती राष्ट्रकूटकालीन, म्हणजे आठव्या शतकातील मानली. वा. वि. मिराशी यांनी ती कलचुरींच्या काळातील ठरविली व वॉल्टर स्पिंक यांनीही तोच पक्ष घेतला. कलचुरी राजा कृष्णराज याची नाणी बेटावर सापडल्याने सहाव्या शतकाचा मध्य हा काळ आता बहुतेकांना मान्य आहे. कोकणच्या मौर्यांचे नावही घेतले जाते. दुसऱ्या पुलकेशीने जहाजांच्या ताफ्यानिशी ‘पुरी’ जिंकल्याचा उल्लेख ऐहोळे प्रशस्तीत (६३४) आहे. ही पुरी म्हणजे घारापुरी, असे काही विद्वान म्हणतात, तर काहींच्या मते ती जंजिऱ्याजवळची राजपुरी होय.

हा वाद मिटवू शकला असता असा एक शिलालेख येथे होता. बेट १५३४ मध्ये पोर्तुगीजांकडे आले. त्यानंतर लेण्यातील कोरीव लेखाचा दगड काढून पोर्तुगालच्या राजाकडे धाडण्यात आला, असे दियोगु दु कोतू हा इतिहासकार नमूद करतो. तो लेख तेथे कोणालाही वाचता आला नाही व पुढे दगडही गहाळ झाला. त्याचा ठसा वा नक्कल उपलब्ध नाही. गार्सिया द ओर्ता याच्या गोव्यात १५६३ मध्ये छापलेल्या ग्रंथात या लेण्यांचे वर्णन येते. डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी साष्टीबरोबर हे बेटही घेतले. १७८२ च्या सालबाईच्या तहात साष्टी, घारापुरी, करंजा व हॉग ही बेटे त्यांच्याकडे कायम राहिली. १८७५ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सच्या मेजवानीची पाने थेट मुख्य लेण्यात मांडण्यात आली होती.

शेतबंदर व पश्चिम टेकडी : मुंबईहून येणाऱ्या लाँच येथील धक्क्याला लागतात. धक्का समुद्रात लांबवर गेलेला असल्याने तेथून पायथ्यापर्यंत छोटी आगगाडी चालते. पायथ्यापासून सुमारे १२० पायऱ्या आहेत. दोन्ही बाजूंस निळ्या ताडपत्रीखाली दुकाने लागलेली असतात. तेथे दगडी हत्ती, मण्यांच्या माळा, टोप्या, उकडलेले मक्याचे कणीस, तिखटमीठ लावलेली कैरी मिळते. वृद्धांसाठी डोलीवाले असतात. माकडे पर्यटकांच्या हातातील शीतपेयाची बाटली हिसकावतात, झाकण दातांनी काढतात आणि रिकामी झाली की खाली टाकून देतात.

मुख्य लेणे (क्र. १) बेसाल्ट खडकात खोदलेले असून समोरून मागच्या भिंतीपर्यंत सुमारे ३९ मी. खोल आहे. आज प्रवेश उत्तरेकडून होतो. आत शिरताच समोर दक्षिण भिंतीतील सुमारे साडेपाच मीटर उंचीची तीन मुखांची मूर्ती दिसते व बहुतेकांचे पाय तिकडेच वळतात. वास्तविक पूजेचे ठिकाण उजव्या हाताला, पश्चिमेकडे आहे : चारही बाजूंनी दारे असलेले शिवलिंगाचे गर्भगृह, प्रत्येक दाराशी दोन याप्रमाणे आठ भव्य द्वारपाल. पूर्वेचे दार हे मूळ मुख्य द्वार असावे, असे काही अभ्यासकांना वाटते. त्या बाजूने आल्यास लिंग थेट समोर येते व तीन मुखांची मूर्ती डाव्या अंगाला राहते. लेणे या वाटेने पाहिल्याखेरीज त्याची रचना कळत नाही, असे प्रस्तुत नोंदकाराचे मत आहे.

या मूर्तीला लोक ‘त्रिमूर्ती’ म्हणतात व ब्रह्मा, विष्णू, महेश असा अर्थ लावतात. मूर्तिशास्त्रानुसार ती सदाशिवाची आहे. मध्ये शांत तत्पुरुष, पाहणाऱ्याच्या डावीकडे उग्र अघोर, उजवीकडे कमळ धरलेला, स्त्रीरूपाकडे झुकणारा वामदेव. मधल्या मुखाचे डोळे मिटलेले असून खालचा ओठ जाड आहे. तिच्या दोन बाजूंस अर्धनारीश्वर व गंगाधर, तर अन्यत्र कल्याणसुंदर, अंधकासुरवध, रावणानुग्रह, नटराज, योगीश्वर व चौसर खेळणारे शिवपार्वती हे शिल्पपट आहेत. अंधकासुरवधाच्या पटात कमरेखालचा भाग उरलेला नाही, तरी वरच्या देहाचा आवेश पाहण्यासारखा आहे. मोडतोडीचा सगळा दोष पोर्तुगीज सैनिकांच्या गोळीबारावर घालण्याचा प्रघात आहे. त्याला जुन्या लेखनात आधार आहे, पण खडकातून झिरपणारे पाणी व खारा वारा यांचा वाटाही लहान नाही.

क्र. २ ते ५ ची लेणी याच टेकडीवर असून बरीच जीर्ण आहेत. माथ्यावर विसाव्या शतकाच्या आरंभी बसविलेल्या दोन ब्रिटिश तोफा आहेत. युनेस्कोने १९८७ मध्ये घारापुरीचा जागतिक वारसास्थळांत समावेश केला.

राजबंदर : बेटाला ‘एलिफंटा’ हे नाव देणारा दगडी हत्ती या गावाजवळील जुन्या उतरणीच्या जागी उभा होता. त्याची हकीकत तपशिलाने उपलब्ध आहे. एकाच काळ्या दगडात कोरलेल्या या हत्तीचे डोके व मान सप्टेंबर १८१४ मध्ये गळून पडली. काही काळाने धडही कोसळले. तो इंग्लंडला नेण्याचा बेत होता व उचलताना यारी तुटल्याने तो आणखी फुटला, असे सांगितले जाते. १८६४ मध्ये त्याचे तुकडे मुंबईच्या व्हिक्टोरिया गार्डनमध्ये (आताची राणीची बाग) आणले गेले. ते तेथे पन्नास वर्षे पडून होते. १९१४ मध्ये कॅडेल व ह्यूएट यांनी ते जोडून हत्ती पुन्हा उभा केला. आज तो भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. सांधे जवळून पाहिले तर डोळ्यांना दिसतात. संग्रहालयात शिरणाऱ्यांपैकी फारच थोडे तेथे थांबतात. जुन्या प्रवाशांनी बेटावर एक दगडी घोडाही पाहिला होता. पुढच्या वर्णनांत तो आढळत नाही.

पूर्व टेकडी : ‘स्तूप टेकडी’ या नावाने परिचित. येथे क्र. ६ व ७ ही लेणी आहेत. क्र. ६ ला ‘सीताबाईचे देऊळ’ म्हणतात. पोर्तुगीज अमदानीच्या अखेरीस त्याचा चर्च म्हणून वापर झाला. क्र. ७ चे काम थोडे होऊन सोडून दिलेले आहे. त्यापलीकडे कोरडे तळे, काठाने खोदीव टाकी आणि उत्तरेच्या सोंडेवर विटांचा उंचवटा आहे. हा बौद्ध स्तूप असून शैव लेण्यांहून कित्येक शतके जुना असावा. त्याचा नेमका काळ ठरविणे कठीण आहे. पश्चिमेकडच्या गर्दीतले फार थोडे लोक घळ ओलांडून येथवर येतात. त्यामुळे पायवाट जागोजाग झुडपांत हरवते.

मोराबंदर : दाट झाडीची, शांत वस्ती. येथील भरती-ओहोटीच्या पट्ट्यात विटांच्या बांधकामाचे अवशेष आणि रोमन मद्यकुंभांची (अँफोरा) खापरे मिळाली आहेत. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी येथे पाहणी केली. इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत पश्चिमेच्या समुद्रव्यापारातील माल या काठाला उतरत असावा, हा निष्कर्ष त्यावरून निघतो. म्हणजे लेणी कोरली जाण्यापूर्वी बेट बंदर म्हणून नांदते होते. टेकडीवरचा स्तूप व काठावरची खापरे यांचा विचार एकत्र व्हायला हवा. तरीही प्रवासी मार्गदर्शिकांत मोराबंदरला क्वचितच एखादी ओळ मिळते.

लोकजीवन : भातशेती, मासेमारी, होड्यांची दुरुस्ती आणि पर्यटकांवरचा धंदा. पाण्यासाठी पावसावर भरणारे छोटे धरण आहे. दिवेलागणीनंतर काही तास डिझेल जनित्रावर वीज मिळे. फेब्रुवारी २०१८ मध्ये सुमारे ७.५ किमी. लांबीच्या समुद्राखालील केबलने तिन्ही गावांत कायमची वीज आली. मुंबईचे दिवे रोज रात्री समोर दिसत असूनही त्यासाठी स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षे वाट पाहावी लागली.

वनस्पती : ताड, आंबा, चिंच, करंज, किनाऱ्यावर तिवरे.

प्रवास : गेटवेहून लाँचने सुमारे एक तास. लेणी सोमवारी बंद. पर्यटकांना मुक्कामाची परवानगी नाही. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीकडे निघालेली ‘नीलकमल’ ही प्रवासी लाँच नौदलाच्या वेगवान नौकेची धडक बसून बुडाली व दहाहून अधिक जण मृत्युमुखी पडले. स्तूप टेकडी व मोराबंदर पाहायचे असल्यास सकाळची पहिली लाँच धरावी. परतीची शेवटची लाँच सुटण्यापूर्वी शेतबंदरच्या धक्क्यावर पोचावे लागते.