वाचा नसलेले बालक : घनसावंगी परिसरातील घर आणि दासबोधाची साक्ष

मराठवाड्यातील एखाद्या गावाचा इतिहास लिहावयाचा झाल्यास अभ्यासकाच्या हाती प्रथम येतात ती जमिनीची, महसुलाची आणि वतनांची कागदपत्रे. निजामी राजवटीत या कागदांची भाषा आधी फारसी आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून उर्दू अशी होती. गावातील बहुसंख्य लोक घरात मराठी बोलत. परंतु घरात काय बोलले जाते याच्याशी दप्तराला कर्तव्य नव्हते. त्यामुळे शेताची सीमा आपल्याला सापडते, पण त्या शेताच्या बांधावर झोळीत निजलेले मूल सापडत नाही. आईने पहाटेपासून रात्रीपर्यंत लहान मुलासाठी काय केले, याची नोंद ठेवण्याची गरज कोणत्याही राजवटीला भासली नाही. हा दैनंदिन व्यवहार इतिहासाला अगम्यच राहावयाचा काय, असा प्रश्न येथे उपस्थित होतो. प्रस्तुत लेखात घनसावंगी परिसराच्या निमित्ताने या प्रश्नाचा भाषेच्या अंगाने विचार करावयाचा आहे.

घनसावंगी हा आज जालना जिल्ह्यातील एक तालुका आहे. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. तत्पूर्वी हा प्रदेश औरंगाबाद जिल्ह्यात आणि १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. दक्षिणेस गोदावरी वाहते. याच तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. सूर्याजीपंत ठोसर आणि राणूबाई यांच्या पोटी १६०८ मध्ये नारायणाचा जन्म झाला. बाराव्या वर्षी लग्नमंडपातून तो निघून गेला आणि चोवीस वर्षांनी आईच्या भेटीस परतला, ही परंपरागत कथा सर्वश्रुत आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने या कथेपेक्षाही महत्त्वाची साक्ष आहे ती दासबोधाची.

दासबोधात वीस दशक आणि दोनशे समास आहेत. त्यांपैकी तिसऱ्या दशकात ‘स्वगुणपरीक्षा’ या नावाचे समास येतात. संसारातील दुःख दाखवून श्रोत्याच्या मनात वैराग्य उत्पन्न करावे, हा त्यांचा उघड हेतू होय. परंतु दुःख दाखवावयाचे तर ते तपशिलाने दाखवावे लागते. आणि त्या तपशिलात सतराव्या शतकातील मराठी घरातले तान्हे मूल आपल्यापुढे उभे राहते. त्याची त्वचा कोवळी आहे, जरा दुखले की ते तळमळते. पण काय होते आहे हे सांगण्यास त्याला वाचा नाही. ते भुकेने रडते आणि व्याधीनेही रडते; रडणे मात्र एकच. आई वरून कुरवाळते, कडेवर घेऊन समजूत घालते. तरी आतली पीडा तिला कळत नाही. मूल पडते, विस्तवाने भाजते, एखादे कायमचे पंगू होते. या साऱ्या अपायांतून वाचले तर ते हळूहळू आईला ओळखू लागते. आणि मग क्षणभर ती दिसेनाशी झाली तरी असा आकांत करते की, प्रत्यक्ष देव समजूत घालावयास आले तरी ते उगे राहत नाही.

येथे एका गोष्टीची सावधगिरी बाळगली पाहिजे. समर्थांनी ग्रंथ रचला तो घर सोडल्यानंतर आणि देशभर हिंडल्यानंतर. तेव्हा त्यातील प्रत्येक तपशील जांबेच्या घरचाच आहे असे म्हणता येणार नाही. तथापि ज्या माणसाने स्वतः संसार केला नाही, त्याने तान्ह्या मुलाचे हे निरीक्षण कोठून मिळविले, असे विचारल्यास ज्या घरांत तो वाढला आणि ज्या घरांपुढे त्याने भिक्षा मागितली, त्यांकडेच बोट दाखवावे लागेल. मूल विस्तवाने भाजते हे वाक्य जमिनीलगत पेटणारी चूल पाहिलेल्या माणसाचे आहे.

समर्थांनी मांडलेला प्रश्न वस्तुतः भाषेचा आहे. वाचा नसलेल्या जिवाचे अंतर जाणावयाचे कसे? समर्थांच्या मते ते जाणता येत नाही, आणि ही असहायता संसाराच्या दुःखरूपतेचे प्रमाण आहे. परंतु ज्या घरांचे हे वर्णन आहे, त्या घरांनी हा प्रश्न असाच सोडून दिला नव्हता. त्यांनी त्याला दोन उत्तरे शोधली होती : एक दिनचर्येचे आणि दुसरे शब्दांचे.

दिनचर्येचे उत्तर प्रथम पाहू. गोदाकाठच्या ज्वारी-बाजरीच्या मुलखात पिठाची गिरणी येईपर्यंत घरातील दिवस जात्याने सुरू होई. ‘जाते’ हा शब्द संस्कृत ‘यंत्र’ शब्दापासून, ‘सूप’ हा ‘शूर्प’ शब्दापासून आणि ‘चूल’ हा ‘चुल्ली’पासून आलेला आहे, राज्ये आणि दप्तराच्या भाषा बदलल्या तरी या कोपऱ्यातील शब्द बदलले नाहीत. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशी नोंद चालुक्य राजा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथात आहे. कांडणाऱ्या आणि दळणाऱ्या बाईच्या मांडीवर किंवा पाठीशी बहुधा एखादे मूल असे. उजाडल्यावर त्याचे न्हाण. आजी पाय पसरून बसे, नडग्यांवर मुलाला पालथे-उताणे घेऊन तेल चोळी, ऊन पाणी घाली. मग शेक, ओव्याची धुरी, काजळ आणि गालावर तीट. अंग घट्ट गुंडाळून त्याला पाळण्यात किंवा झोळीत घातले की आई शेताची वाट धरी. दिवेलागणीला मीठ-मोहरीने दृष्ट काढली जाई. यातील काही उपाय आजच्या वैद्यकास मान्य होणार नाहीत. परंतु या क्रमाचा एक व्यावहारिक अर्थ होता. रोज त्याच वेळी, त्याच हातांनी मुलाचे सर्वांग चाचपले जाई. पोट फुगले आहे काय, अंग तापले आहे काय, टाळू खोल गेली आहे काय, हे न बोलणाऱ्या शरीरावरूनच ओळखले जाई. न्हाणे-माखणे ही एक प्रकारे रोजची विचारपूस होती.

दुसरे उत्तर शब्दांचे. मराठी घरात मोठी माणसे लहान मुलाशी एक निराळी बोली बोलतात : मंमं, दुदू, गाई-गाई, भूर, बाऊ, शी, शू, हम्मा, चिऊ, काऊ. या शब्दांकडे पंडितांनी फार काळ बोबडे बोल म्हणून दुर्लक्ष केले. १९६४ मध्ये अशोक केळकर यांनी मराठी बालबोलीवर स्वतंत्र निबंध प्रसिद्ध केला. त्याच वर्षी चार्ल्स फर्ग्युसन यांनी जगातील सहा भाषांतील बालबोलींची तुलना केली, तीतही मराठीचा समावेश होता. या अभ्यासांतून स्पष्ट झालेली गोष्ट अशी की, ही बोली मुले निर्माण करीत नाहीत. ती प्रौढांच्या परंपरेत असते. पिढीकडून पिढीकडे जाते. आणि आप्त, शरीरव्यापार, खाणे, निजणे, दुखणे, प्राणी अशा थोड्या विषयांपुरतीच मर्यादित असते.

आता ही यादी दासबोधातील वर्णनाशेजारी ठेवून पाहावी. मुलाला भूक लागली आहे की त्याला काही दुखते आहे हे कळत नाही, असे समर्थ म्हणतात. बालबोली नेमके ‘मंमं’ आणि ‘बाऊ’ हे दोन शब्द त्याच्या हाती देते. ‘बाऊ’ शब्दाला भीतीचाही अर्थ आहे आणि इजेचाही. मुलाच्या दृष्टीने या दोन गोष्टी फारशा वेगळ्या नसाव्यात. उच्चार करता येण्यापूर्वीच मुलाला हे शब्द समजू लागतात. आई विचारते, “कुठं बाऊ झाला?” आणि मूल बोट दाखवते. ज्या क्षणी ते बोट दाखवते, त्या क्षणी आतली पीडा बाहेर आलेली असते. प्रस्तुत लेखकाच्या मते बालबोलीचा हाच मूळ उपयोग होय : वाचा येण्यापूर्वीच्या काळासाठी घराने रचलेली ती तात्पुरती वाचा आहे. दोन-तीन वर्षे तिचे काम चालते. पुढे मूल गावाची बोली बोलू लागते आणि हे शब्द घर पुढच्या लेकरासाठी राखून ठेवते.

ही व्यवस्था सदैव आणि सर्वत्र टिकली असे मात्र नाही. तिला वेळ लागतो आणि घरात मोकळा असा एक तरी हात लागतो. तिसऱ्या दशकातच पुढे समर्थ भरल्या घराची विपन्नावस्था वर्णितात : लेकुरे उदंड झाली, लक्ष्मी निघून गेली, काही खेळती, काही रांगती, एखादे अजून पोटात, आणि खावयास काही नाही. १६३० च्या सुमाराचा दख्खनचा भीषण दुष्काळ समर्थांच्या तारुण्यात पडला होता, हे येथे ध्यानात घ्यावे. असा हात नसला म्हणजे काय होते, याचे अर्वाचीन उदाहरण मुंबईचे आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गिरणीत कामाला जाणाऱ्या स्त्रिया मूल दिवसभर निजून राहावे म्हणून त्याला अफूची बाळागोळी देत, आणि या प्रथेची सरकारी चौकशांतून दखल घेतली गेली. घर मुलाचे रडणे ऐकून त्याचा अर्थ लावी. येथे ते रडणेच बंद करावे लागले. दोष मातांचा नव्हता. पाळीचा भोंगा आजीसाठी थांबत नसे. आजही मराठवाड्यातून ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांची तान्ही मुले फडाच्या कडेला कोपीत वाढतात आणि त्यांची राखण पुष्कळदा पाच-सात वर्षांची थोरली बहीण करते. तिलाही ‘मंमं’ आणि ‘बाऊ’ हे शब्द ठाऊक असतात. कारण ते तिला नुकतेच कोणीतरी विचारलेले असतात.

समर्थांनी जे वैराग्यासाठी लिहिले, ते आपण संसाराचा पुरावा म्हणून वाचले. हा वाचनाचा विपर्यास आहे असे कोणास वाटेल. परंतु राणूबाईसारख्या मातेच्या घरातल्या कामाची नोंद दुसऱ्या कोणत्याही दप्तरात नाही. ती आहे घर सोडून गेलेल्या मुलाच्या ग्रंथात, आणि आजही घनसावंगीच्या कोणत्याही घरात ऐकू येणाऱ्या दहा-वीस लहानग्या शब्दांत. जाते आणि उखळ घरातून गेले, त्यांबरोबर त्यांच्या भागांची नावेही चालली आहेत. बालबोलीला मात्र कोणतेही साधन लागत नाही. मूल आणि त्याच्याशी बोलावयास सवड असलेले माणूस एवढेच तिला लागते. गावोगावच्या बोलींचे कोश करताना हे शब्द क्षुल्लक म्हणून गाळू नयेत. त्यांचा कोश करावयास आरंभ केला, तर ज्यांनी कधी कागदावर अक्षर उमटविले नाही त्यांच्या इतिहासाचे पहिले पान आपल्या हाती येईल.