ओढणारा कोण, थांबायचं कुठं

बर्मिंगहॅमच्या नॅशनल एक्झिबिशन सेंटरमध्ये वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि ऑक्टोबरात, कॅरव्हॅन आणि मोटरहोमचं मोठं प्रदर्शन भरतं. दालनांमागून दालनं, आणि प्रत्येकात रांगेनं उभी असलेली चाकांवरची घरं. कुटुंबंच्या कुटुंबं आत शिरतात. पोरं बंक बेडवर चढून बसतात, कुणी पलंगावर आडवं होऊन पाय पुरतात का ते पाहतं, कुणी फडताळं उघडून ताटवाट्या कुठं मावतील याचा अंदाज घेतं. या गर्दीत मला सगळ्यात बोलकी वाटते ती दाराजवळची एक छोटी चिकटपट्टी. तिच्यावर दोन आकडे असतात: रिकाम्या कॅरव्हॅनचं वजन आणि सामान भरल्यावर चालेल असं कमाल वजन. या दोन आकड्यांमागे दीडशे वर्षांहून मोठी वंशावळ आहे, आणि कुटुंबासाठी कॅरव्हॅन घ्यायला निघालेल्यानं ती माहीत करून घ्यावी असं मला मनापासून वाटतं. चाकांवरच्या घराचा आकार आत राहणाऱ्याच्या मर्जीनं क्वचितच ठरला. तो ओढणाऱ्याच्या ताकदीनं ठरला. आणि ते घर रात्री कुठं उभं राहील हे तर तिसऱ्यानंच ठरवलं.

इंग्लंडात चाकांवर राहायला सुरुवात केली ती जत्रेतल्या खेळवाल्यांनी. डिकन्सच्या १८४०-४१च्या ‘द ओल्ड क्युरिऑसिटी शॉप’मध्ये मेणाचे पुतळे दाखवत गावोगाव फिरणारी मिसेस जार्ले अशाच गाडीत राहते. रोमानी लोक तेव्हा हेझलच्या फांद्या वाकवून त्यांवर कापड टाकलेल्या पालात राहत. हे लोक सुमारे हजार वर्षांपूर्वी वायव्य भारतातून पश्चिमेकडे गेले, त्यांची भाषा आपल्या भाषांच्याच कुळातली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला ते पालातून घोडागाडीत आले. त्या गाडीला म्हणतात वार्डो.

वार्डोच्या आत एकदा नीट पाहावं. रेडिंगच्या डंटनसारखे कारागीर ती बांधत. भिंती वर जाताना बाहेरच्या बाजूला कलत्या, मागची चाकं मोठी, छताच्या मध्यभागी उजेड-वाऱ्यासाठी उचललेला एक लांबट भाग, त्याला बाजूनं खिडक्या. दार पुढच्या बाजूला. आत शिरताच डाव्या हाताला चूल. ती डावीकडेच का, यालाही कारण आहे. इंग्लंडात गाडी रस्त्याच्या डाव्या कडेनं चालते. दारातून मागे तोंड करून आत शिरणाऱ्याची डावी बाजू म्हणजे रस्त्याच्या मध्याकडची बाजू. तिकडून धुराडं काढलं की कडेच्या झाडांच्या फांद्यांत अडकत नाही. मागच्या भिंतीला लागून आडवा पलंग, आणि पलंगाखाली सरकत्या दारांचं कपाट. रात्री त्या कपाटात मुलं झोपत. आजच्या ‘फॅमिली लेआउट’मधल्या मागच्या कोपऱ्यातल्या बंक बेडचं मूळ मी तिथंच पाहतो. सव्वा दोन मीटर रुंदीच्या जागेत आईबाप आणि लेकरं दोघांनाही रात्री आपापला कोपरा हवा, हा प्रश्न त्या लोकांनी मोटारी येण्याच्या कितीतरी आधी सोडवला होता.

अशा जुन्या गाड्या फार उरल्या नाहीत. घरातलं माणूस गेलं की त्याची गाडी त्याच्या चीजवस्तूंसह जाळायची, अशी इंग्लंडातल्या रोमानींची रीत होती.

या घरात हौसेची भर घातली ती एका डॉक्टरानं. विल्यम गॉर्डन स्टेबल्स हा नौदलातला निवृत्त शल्यवैद्य, पुढे मुलांसाठी साहसकथा लिहून नाव मिळवलेला. १८८५ मध्ये त्यानं ब्रिस्टल वॅगन वर्क्सकडून ‘वाँडरर’ नावाची गाडी बांधून घेतली. आत महोगनी आणि मेपलचं लाकूड, पुस्तकांची कपाटं. सामानासह वजन दोन टनांच्या आसपास. गाडीवान, नोकर आणि हरिकेन बॉब नावाचा कुत्रा बरोबर घेऊन तो ट्वायफर्डहून स्कॉटलंडातल्या इन्व्हर्नेसपर्यंत गेला, सुमारे १३०० मैल. गाडी एवढी अवाढव्य की नोकर तीनचाकी सायकलवरून पुढे जाऊन वळणापलीकडच्यांना सावध करी. चढ आला की दोन घोड्यांचा कस लागे. पुढच्याच वर्षी त्यानं या प्रवासाचं पुस्तक काढलं आणि चाकांवरचं घर सुखवस्तू माणसाच्या उन्हाळी सुट्टीत जाऊन बसलं. १९०७ मध्ये लंडनमध्ये कॅरव्हॅन क्लब निघाला तेव्हा स्टेबल्स त्याचा उपाध्यक्ष होता. हाच क्लब आज कॅरव्हॅन अँड मोटरहोम क्लब या नावानं चालतो.

क्लबाच्या दुसऱ्याच वर्षी केनेथ ग्रॅहमचं ‘द विंड इन द विलोज’ आलं. त्यात मिस्टर टोड पिवळीधमक कॅरव्हॅन घेऊन निघतो आणि पहिल्याच सफरीत भरधाव मोटारीला बुजून घोडा ती खड्ड्यात घालतो. गाडीचा चक्काचूर, आणि टोड मात्र रस्त्यातच बसून मोटार गेलेल्या दिशेला भान हरपून पाहत राहतो. घोड्याचं राज्य संपून मोटारीचं सुरू होण्याचा क्षण मुलांच्या गोष्टीत इतका अचूक पकडलेला दुसरीकडे मी वाचलेला नाही.

मोटारीनं ओढण्यासाठी कारखान्यात बांधलेली कॅरव्हॅन आली १९१९ मध्ये, आणि तीही बर्मिंगहॅममध्येच. रायली बापलेकांनी एकल्स नावाची मालवाहतुकीची कंपनी घेतली होती. मालाच्या जोडीला त्यांनी कॅरव्हॅन बांधायला घेतली. प्रदर्शनाला जाणाऱ्या किती जणांच्या लक्षात येतं कोण जाणे, पण या धंद्याची जन्मभूमी दालनापासून हाकेच्या अंतरावर आहे. १९२९ मध्ये ॲरो पार्कच्या जागतिक स्काउट मेळाव्यात चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांना जगभरच्या स्काउटांनी रोल्स-रॉइस आणि तिच्यामागे एकल्सची कॅरव्हॅन भेट दिली. यावरून तिची पायरी कळते: रोल्स-रॉइसच्या मागे शोभणारी, म्हणजे सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरची. तीसच्या दशकातल्या कित्येक कॅरव्हॅनांना छताच्या मध्ये उचललेला खिडक्यांचा भाग असे. वार्डोच्या छताची ती सरळसरळ आठवण. मालक बदलला, घोडा गेला, छत तेच राहिलं.

जर्मनीतली कथा मला जास्त जवळची वाटते, कारण तिच्यात पहिल्यापासून कुटुंब आहे. आल्गॉय भागातल्या इस्नी या गावी देथलेफ्स घराण्याचा चाबूक आणि स्कीच्या काठ्या बनवण्याचा कारखाना होता. मालक आरिस्ट देथलेफ्स विक्रीसाठी आठवडेच्या आठवडे बाहेर असे. त्याची सहचरी फ्रिडेल एडेलमान चित्रकार. तिला बरोबरही जायचं होतं आणि वाटेत चित्रंही काढायची होती. म्हणून त्यानं १९३१ मध्ये मोटारीमागे जोडायचं एक घर बांधलं. जर्मनीतल्या कॅरव्हॅन धंद्याची सुरुवात तिथून धरतात. घोड्याचे चाबूक करणाऱ्या कारखान्यानं घोड्याविना चालणारं घर करावं, हा काळाच्या वळणाचा नेमका दाखला.

चाकांवरचं घर खऱ्या अर्थानं कौटुंबिक केलं ते मात्र सॅम ॲल्परनं. दुसरं महायुद्ध संपलं होतं, ब्रिटनमध्ये घरांची टंचाई होती, हजारो माणसं नाइलाजानं कॅरव्हॅनमध्ये कायमची राहत होती. ॲल्परनं १९४९ मध्ये ‘स्प्राइट’ काढली, किंमत १९९ पौंड. त्याचा हिशेब आधीच्यांपेक्षा उलटा होता. आत काय काय हवं याची यादी करून मग ओढणारा शोधायचा, असं त्यानं केलं नाही. साध्या नोकरदाराच्या दारात जी लहान इंजिनाची मोटार उभी आहे ती किती ओढेल, हे आधी धरलं आणि तेवढ्यात बसेल ते घर बांधलं. स्वस्त म्हणजे तकलादू, असं कुणी म्हणू नये म्हणून १९५२ मध्ये त्यानं स्वतः कॅरव्हॅन घेऊन भूमध्य समुद्राभोवती सुमारे १०,००० मैलांची चक्कर मारली. पुढे त्याच्या कंपनीनं एकल्सही विकत घेतली. प्रवासी कुटुंबांना वाटेत जेवायला स्वस्त जागा हवी म्हणून १९५८ मध्ये ‘लिट्ल शेफ’ची पहिली खानावळ त्यानंच काढली. १९८२ मध्ये त्याचा उद्योगसमूह बुडाला, पण बर्मिंगहॅमच्या दालनात ज्या चार माणसांच्या, एका आसाच्या कॅरव्हॅनपाशी सर्वांत जास्त गर्दी होते, ती त्याच्या हिशेबाचीच लेक आहे.

आता वंशावळीची दुसरी फांदी, थांबण्याची. ती चकचकीत दालनात दिसत नाही, आणि मला ती अस्वस्थ करते.

१५३० मध्येच इंग्लंडच्या संसदेनं रोमानींना देश सोडून जाण्याचा कायदा केला होता. पुढे फाशीची भीतीही घातली गेली. तरी शतकानुशतकं ते हंगामी कामं करत, शेतकऱ्याच्या बांधावर किंवा गायरानावर थांबत राहिले. १९६० मध्ये कॅरव्हॅनच्या जागांबाबतचा कायदा आला. युद्धानंतरच्या कॅरव्हॅन वस्त्यांना शिस्त लावणं हा त्याचा हेतू. यापुढे जागेला परवाना हवा, आणि परवान्याआधी नियोजनाची मंजुरी (प्लॅनिंग परमिशन). शेतकऱ्यांनी हात आखडले, रोमानींचे पिढीजात मुक्काम एकेक करून बंद झाले. त्याच कायद्यात मान्यताप्राप्त क्लबांना सूट होती: क्लबानं प्रमाणित केलेल्या शेतावर सभासदांच्या पाचपर्यंत कॅरव्हॅन परवान्याविना उभ्या राहू शकतात. आज ब्रिटनमध्ये सुट्टी घालवायला सर्वांत सुंदर जागा कोणत्या असं विचाराल, तर मी ही पाच कॅरव्हॅनची शेतंच सांगेन. पलीकडे मेंढ्या, नळ एक, शेजारी मोजके. पण एकाच कायद्यानं एकाच जातीच्या वाहनाला एका हातानं हुसकावलं आणि दुसऱ्या हातानं कुरण उघडून दिलं, हे तिथं खुर्ची टाकताना ठाऊक असावं. १९६८ मध्ये स्थानिक संस्थांवर रोमानींसाठी जागा देण्याचं बंधन आलं, १९९४ मध्ये तेही काढून टाकलं.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे परकं वाटणार नाही. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा याच सत्तेनं भारतात लादला होता, आणि तो १९५२ मध्ये रद्द झाल्यावरही विंचवासारखं बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरणाऱ्यांना गावाच्या वेशीवर काय ऐकून घ्यावं लागलं, ते आपल्या भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांत आहे. २०२१ मध्ये महाराष्ट्रानं कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात कॅरव्हॅन पार्कची तरतूद आहे. पर्यटकाला पाणी-विजेसह अधिकृत मुक्काम मिळावा हे चांगलंच. पाल ठोकणाऱ्यालाही तो मिळाला पाहिजे.

तर, प्रदर्शनात शिरल्यावर काय पाहावं? लेस्टर-स्लाउकडची किती तरी मराठी कुटुंबं आता या वाटेला लागली आहेत, म्हणून सविस्तर लिहितो. आधी घरच्या मोटारीची कागदपत्रं काढून तिचं रिकामं वजन आणि ओढण्याची मर्यादा लिहून घ्यावी. नवशिक्यानं भरलेल्या कॅरव्हॅनचं वजन मोटारीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांवर जाऊ देऊ नये, असं क्लब सांगतात. हा कायदा नाही, पण डोंगरउतारावर कॅरव्हॅन मागून झोके घेऊ लागली की त्याचं मोल कळतं. मग चिकटपट्टीवरच्या दोन आकड्यांची वजाबाकी करावी. चार माणसांच्या कॅरव्हॅनमध्ये ती कित्येकदा दीडशे किलोच्या आसपासच निघते. तंबूचा ओसरा, सोडलेली कॅरव्हॅन जागेवर ढकलण्याची मोटर, सायकली, गव्हाचं पीठ, कुकर, चौघांचे कपडे, सगळं त्यात बसवायचं. नुसत्या मोटरचेच तीसेक किलो जातात. देखणा पलंग पाहून भुललेले लोक ही वजाबाकी विसरतात.

डिसेंबर २०२१ पासून ब्रिटनमध्ये साध्या परवान्यावरही ३,५०० किलोपर्यंतची कॅरव्हॅन ओढता येते, वेगळी परीक्षा लागत नाही. मला ही सूट धोक्याची वाटते. जड कॅरव्हॅन मागे घेण्याचा सराव कुणाकडून तरी शिकूनच घ्यावा. बाहेरची रुंदीही विचारावी. पूर्वी सव्वा दोन मीटरच्या आसपास असलेली रुंदी आता काही मॉडेलांत अडीच मीटरला टेकली आहे. आत मोकळं वाटतं, कॉर्नवॉलच्या गल्लीबोळांत नाही. आणि घरी परतल्यावर ती उभी कुठं करणार? नव्या वसाहतींच्या करारात दारात कॅरव्हॅन उभी करायला कित्येकदा बंदीच असते. तेव्हा थांबण्याचा प्रश्न सुट्टीइतकाच उरलेल्या अकरा महिन्यांचाही आहे.

ओढणारा पुन्हा बदलतो आहे. विजेच्या मोटारीला जोर भरपूर, पण मागे कॅरव्हॅन लावली की एका चार्जमध्ये कापता येणारं अंतर फार घटतं, आणि बहुतेक चार्जरपाशी कॅरव्हॅन सोडून ठेवल्याशिवाय मोटार लावताच येत नाही. कित्येक छोट्या विजेच्या मोटारींना ओढण्याची परवानगीच नाही. यावर इस्नीच्या त्याच देथलेफ्स कंपनीनं २०१८ मध्ये ड्युसेलडॉर्फच्या कॅरव्हॅन प्रदर्शनात एक प्रयोग मांडला: स्वतःच्या आसात विजेच्या मोटरी आणि तळाशी बॅटऱ्या असलेली ‘ई-होम कोको’. २०२१ मध्ये ती विजेच्या ऑडीमागे इस्नीहून निघाली आणि वाटेत चार्ज न करता आल्प्स ओलांडून गार्डा सरोवराकाठी रीवाला पोचली, सुमारे ३८६ किलोमीटर. कॅरव्हॅन स्वतःचा भार स्वतः उचलत असल्यानं मोटारीवर ओढ फारशी येत नाही. बॅटऱ्यांचं वजन मात्र तिच्याच चासीवर पडतं. ते पेलूनही चार माणसांच्या सामानाला जागा उरली, तर लहान विजेची मोटार असलेलं कुटुंबही सुट्टीला निघू शकेल, आणि क्लबांना ८५ टक्क्यांचा सल्ला नव्यानं लिहावा लागेल.